मिरजगावच्या ताटाची रोगप्रतिकार-मीमांसा

रोगप्रतिकारशक्ती ही मानवी शरीरातील बहुधा एकमेव अशी व्यवस्था आहे की, जिच्याविषयी तिचा मालक अनभिज्ञ असतो आणि शेजारी मात्र सखोल जाणकार असतात. स्वादुपिंड नेमके कोणत्या बाजूला असते याविषयी मत देण्यास संकोचणारा गृहस्थ शेजारच्या मुलाला शिंक आली की ‘ह्याची इम्युनिटी कमी झाली आहे’ असे निदान जागच्या जागी करतो आणि पाठोपाठ उपचारही सांगून मोकळा होतो. हा उपचार कडू, उग्र किंवा महाग यांपैकी एक तरी असावा लागतो, आणि तो तिन्ही असल्यास त्यावरची श्रद्धा तिपटीने वाढते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरच्या, दक्षिण भागात कर्जत तालुक्यात नगर–सोलापूर रस्त्यावर वसलेले मिरजगाव हे बाजाराचे गाव या नियमास अपवाद नाही. किंबहुना या विषयाच्या अभ्यासासाठी ते विशेष सोयीचे आहे, कारण पर्जन्यछायेतील या पट्ट्यात पाऊस वेळेवर पडला तरच त्याची बातमी होते, पीक म्हणजे मुख्यतः ज्वारी आणि कडधान्ये, आणि त्यांवर पोसलेल्या घरांतच आज हुलग्याचे गाडगे आणि ‘इम्युनिटी’ची ग्वाही देणारा रंगीत डबा एकाच फळीवर शेजारी नांदताना आढळतात.

विवेचनास प्रारंभ करण्यापूर्वी संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. शरीरात शिरलेल्या परक्या जंतूला ओळखणे, अडवणे आणि नष्ट करणे या क्षमतेला रोगप्रतिकारशक्ती म्हणतात. चरकसंहितेत याच आशयासाठी ‘व्याधिक्षमत्व’ अशी संज्ञा आढळते. आधुनिक शास्त्र तिचे दोन भाग मानते. कातडी, नाकाघशातील ओलसर आवरण आणि जंतूंना गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी यांची मिळून जन्मजात प्रतिकारशक्ती होते; आणि विशिष्ट जंतूसाठीच घडवलेली प्रतिपिंडे, म्हणजे त्या जंतूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिने, तसेच त्याची ओळख वर्षानुवर्षे जपणाऱ्या स्मृतिपेशी, यांची मिळून अर्जित प्रतिकारशक्ती होते. पहिली व्यवस्था गल्लीतल्या कुत्र्यांसारखी अनोळखी दिसेल त्याच्यावर धावून जाते, तर दुसरी जुन्या पोलीस पाटलासारखी एकदा पाहिलेला चोर दहा वर्षांनी दाढी वाढवून आला तरी ओळखते. लस ही या पाटलाला चोराचा फोटो आधीच दाखवून ठेवण्याची युक्ती होय, आणि हे काम कोणत्याही काढ्याला आजवर साधलेले नाही.

प्रतिकारशक्ती ‘वाढवावी’ असा जो सार्वत्रिक आग्रह आहे, तो तपासून पाहण्यासारखा आहे. ज्याची प्रतिकारशक्ती गरजेपेक्षा उत्साही असते तो मनुष्य निरोगी न होता, ज्वारीच्या खळ्यावर भुसकट उडाले की तासभर शिंकत बसतो. आणि हाच उत्साह स्वतःच्या सांध्यांवर उलटला की त्याला संधिवाताच्या एका प्रकारास तोंड द्यावे लागते. तात्पर्य, शरीराला वाढीव शक्ती नको असून तयार आणि शिस्तीत राहणारी शक्ती हवी असते, आणि तिला लागणारा शिधा म्हणजे पुरेशी प्रथिने, जस्त, लोह, अ, क आणि ड ही जीवनसत्त्वे. यांपैकी ड जीवनसत्त्व तर उन्हापासून कातडीत आपोआप तयार होते, आणि ऊन ही एकच वस्तू मिरजगावात बारमाही आणि फुकट मिळते. म्हणूनच की काय, त्याची जाहिरात कोणी करत नाही.

२०२० साली करोनाच्या साथीत आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी आणि मनुका यांचा काढा, दहा ग्रॅम च्यवनप्राश आणि दीडशे मिलिलिटर गरम दुधात अर्धा चमचा हळद असा सल्ला प्रसिद्ध केला. मूळ सल्ल्यात मापे मोजूनमापून दिलेली होती. परंतु चमच्याचा आकार घरोघरी वेगळा असल्यामुळे आणि ‘थोडे जास्त घातले तर बिघडते कोठे’ हे मराठी पाकशास्त्राचे अलिखित सूत्र असल्यामुळे, त्या उन्हाळ्यात ऐन मे महिन्यात सुंठ-मिरीचा काढा दिवसातून चार वेळा पिऊन अनेकांनी करोना दूर ठेवला की नाही हे सांगता येत नसले, तरी छातीत जळजळ मात्र निश्चित जवळ केली. च्यवनप्राशाविषयीही एक खुलासा करावा लागतो. चरकाने दिलेल्या मूळ कृतीत आवळे मोजून पाचशे आहेत आणि उद्देश आहे तो वृद्ध च्यवन ऋषींना तारुण्य परत मिळवून देण्याचा. मुलाची शाळा सर्दीमुळे बुडू नये हा हेतू त्यात नंतर मिसळलेला दिसतो.

हळदीचे प्रकरण याहून गहन आहे. अमेरिकेतील एका विद्यापीठाने हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर १९९५ साली पेटंट मिळवले आणि रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते १९९७ साली रद्द करून घेतले, तेव्हापासून हळद हा मसाला न राहता राष्ट्रीय स्वाभिमानाचा विषय झाला. तिच्यातील कुरकुमिन हा पिवळा घटक गुणी आहे यात शंका नाही, पण तो आतड्यातून रक्तात फारसा शिरतच नाही. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांना असे आढळले की, दोन ग्रॅम कुरकुमिनाबरोबर मिरीतील वीस मिलिग्रॅम पायपरिन दिले तर रक्तात पोचणारे प्रमाण वीसपट होते. हा निष्कर्ष ऐकून दुधात मिरपूड टाकणाऱ्यांनी पुढचा हिशेबही करावा: हळदीत कुरकुमिन असते शेकडा तीनच्या आसपास, त्यामुळे दोन ग्रॅम कुरकुमिन मिळवायचे तर पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद पोटात जायला हवी, आणि एवढ्या हळदीत मिरजगावातील एखादा नवरदेव सहज माखून निघतो.

आता ताटाकडे वळणे इष्ट. या भागाचे मूळ अन्न म्हणजे शाळू ज्वारीची भाकर आणि तिच्यासोबतचे कालवण, ज्याला येथे कोरड्यास असेही म्हणतात. प्रथिने ही ॲमिनो आम्लांची साखळी असते आणि त्यांतील काही आम्ले शरीर स्वतः बनवू शकत नाही. ज्वारीत यांपैकी लायसिन कमी असते, तर कडधान्यांत ते भरपूर असून मेथिओनिन उणे असते. म्हणजे भाकर आणि पिठले, भाकर आणि मटकी, या जोड्या एकमेकांचे उणे परस्पर भरून काढतात. प्रतिपिंडे ही प्रथिनांचीच असल्यामुळे वर वर्णिलेल्या पोलीस पाटलाचा पगार याच ताटातून निघतो. हा शोध कोणत्या प्रयोगशाळेत लागला नसून दुष्काळात जे उगवेल तेच खावे लागल्यामुळे लागला, हे त्याचे श्रेय कमी करण्याचे कारण होऊ नये.

या कडधान्यांत हुलग्याचे स्थान स्वतंत्र चर्चेस पात्र आहे. अत्यल्प पाण्यावर आणि हलक्या जमिनीवर येणारे, शंभर ग्रॅममागे सुमारे बावीस ग्रॅम प्रथिने देणारे हे धान्य पिढ्यानपिढ्या घोड्याला आणि बैलाला खुराक म्हणून घातले गेले, आणि बैल क्वचितच सर्दीची तक्रार करतो, यावरून निष्कर्ष काढण्याचा मोह आवरणे कठीण जाते. माणसासाठी त्याचे शेंगोळे करतात. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरे आणि मिरचीचे वाटण, हळद आणि मीठ घालून पीठ घट्ट मळले जाते. मग हाताला तेलाचे बोट लावून दोन तळव्यांत त्याची करंगळीएवढी वळी लांबवत नेतात, तिची टोके जुळवून वेटोळे करतात आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात एकेक सोडतात. शेवटी परातीला चिकटलेले पीठही पाण्याने खरवडून त्याच रश्श्यात ओततात, त्यामुळे रस्सा दाट होतो आणि परात घासणाऱ्या सूनबाईंचे काम निम्मे होते. पावसाळी संध्याकाळी हा पदार्थ खाणाऱ्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागते आणि चोंदलेले नाक मोकळे होते. याचे श्रेय आजी हुलग्याला देतात. शास्त्र ते गरम वाफेला आणि मिरचीला देते. नाकाला हा वाद निर्णायक वाटत नाही.

मिरचीचा उल्लेख आलाच आहे तर ठेच्याची बाजू मांडणे कर्तव्य ठरते. क जीवनसत्त्व भक्षक पेशींच्या कामात लागते, आणि माणसाला ते अन्नातूनच घ्यावे लागते, कारण ते बनवण्याचे जनुक मानववंशात फार पूर्वीच निकामी झालेले आहे. शेळीच्या बाबतीत असे घडलेले नाही. ती स्वतःच्या यकृतात हवे तेवढे क जीवनसत्त्व तयार करते, आणि वर पुन्हा मालकाचे लिंबाचे रोप खाऊन टाकते. हे जीवनसत्त्व वेगळे काढणारे हंगेरीचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की, पत्नीने रात्रीच्या जेवणात वाढलेली पाप्रिका मिरची खाण्याची इच्छा नव्हती, म्हणून ती घेऊन ते प्रयोगशाळेत गेले, आणि तिच्यात त्यांना क जीवनसत्त्वाचा खजिना सापडला. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ताटातले न आवडणारे टाळण्यासाठी बहाणे करणाऱ्या मुलांपासून हा प्रसंग गुप्त ठेवणे हिताचे.

हिरव्या मिरचीत वजनास वजन धरल्यास लिंबाच्या रसाच्या किमान दुप्पट क जीवनसत्त्व असते, ही गोष्ट ठेच्याचा अभिमान बाळगणाऱ्यांना सुखावणारी आहे. मात्र तव्यावर मिरची भाजताना त्याचा काही भाग उष्णतेने नष्ट होतो, आणि शंभर ग्रॅम ठेचा एका बैठकीत खाऊ शकणाऱ्या व्यक्तीपुढे जीवनसत्त्वाचा प्रश्न गौण ठरतो. त्यापेक्षा हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा कच्चा घोळाना, एखादा पेरू, किंवा आवळा अधिक भरवशाचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाची रोजची गरज ८० मिलिग्रॅम आहे आणि पेरूच्या शंभर ग्रॅम गरात दोनशेहून अधिक मिलिग्रॅम असतात. त्यापुढे गोळ्यांची भर घातल्यास सर्दी होणे टळत नाही. अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा सांगतो की नियमित गोळ्या घेणाऱ्या प्रौढांची सर्दी सुमारे आठ टक्क्यांनी लवकर आटोपते. सात दिवसांच्या सर्दीत हा लाभ अर्ध्या दिवसाचा होतो, आणि तो कोणत्या दिवसाचा अर्धा हे निवडण्याचा अधिकार रुग्णाला नसतो.

ताकाची वकिली तर साक्षात प्रतिकारशास्त्राच्या आद्यपुरुषाने केलेली आहे. एली मेचनिकॉव्ह यांनी १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे, घरची मंडळी सर्कस पाहायला गेलेली असताना, तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्याभोवती भक्षक पेशी गोळा झालेल्या पाहिल्या. या शोधाबद्दल १९०८ चे नोबेल त्यांना विभागून मिळाले. पुढे बल्गेरियातील दीर्घायुषी शेतकऱ्यांच्या आंबवलेल्या दुधात त्यांना आयुष्यवृद्धीचे रहस्य दिसले आणि ते स्वतः ते नित्यनेमाने पिऊ लागले. १९१६ साली ते एकाहत्तराव्या वर्षी वारले. त्या काळाच्या मानाने हे वय समाधानकारक असले, तरी मिरजगावात कण्या आणि ताकावर नव्वदी गाठलेल्या म्हाताऱ्या त्यास ‘पोरवय’ म्हणतील. घरच्या ताकातील जिवाणू आतड्यात कायमचे बिऱ्हाड करतातच असे नाही, परंतु ताकातून प्रथिने आणि कॅल्शियम मिळते, आणि ते घेणारा निदान तेवढा वेळ तरी शीतपेय घेत नाही.

येथे विनोद क्षणभर बाजूला ठेवावा लागतो. जगात प्रतिकारशक्ती खालावण्याचे सर्वांत मोठे कारण कुपोषण आहे, आणि हा पट्टा उपासमारीला अपरिचित नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांना रोजगार हमीच्या पूर्वावतारातील कामांवर सुकडी वाटली गेली, परदेशी मिलो ज्वारीच्या लालसर भाकरी नाइलाजाने गिळल्या गेल्या, आणि त्या पिढीला पुढची अनेक वर्षे ‘मिलो’ हा शब्द काढला तरी मळमळे. सुकडी हा भरड पिठाचा, गूळ आणि स्निग्धांश घातलेला कोरडा पदार्थ होता. त्यावर ‘इम्युनिटी’ असे छापलेले नव्हते, तथापि या जिल्ह्यात प्रतिकारशक्तीसाठी सरकारने वाटलेले ते बहुधा सर्वांत परिणामकारक अन्न असावे. त्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार २०२१ च्या मे महिन्यात करोनामुक्त झाले, तेही कोणत्या रसायनामुळे नव्हे, तर रुग्ण लवकर शोधून त्यांना वेगळे ठेवल्यामुळे. आणि अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री मिळाली ती गावठी वाणांचे बी जपल्याबद्दल. २०२३ हे भरडधान्य वर्ष साजरे झाल्यापासून ज्वारी पुण्याच्या दुकानांत ‘सुपरफूड’ म्हणून चकचकीत पाकिटात बसू लागली, आणि मिरजगावातील घरांत मात्र पाहुण्यासमोर भाकर वाढण्याचा संकोच वाटून बिस्किटे पुढे केली जाऊ लागली.

उरतो तो लोहाचा मुद्दा, आणि तो व्यावहारिक आहे. पालेभाजी आणि कडधान्यांतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. मटकीला मोड आणल्याने त्यास अडवणारे फायटेट कमी होते, आणि वर लिंबू पिळल्यास शोषण ठळकपणे वाढते. श्रीगोंदा-कर्जत पट्टा लिंबांसाठीच ओळखला जातो आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘साई शरबती’सारखे वाण दिलेले आहेत, त्यामुळे सबब सांगण्यास जागा नाही. परंतु याच ताटावरून उठलेला मनुष्य हात धुऊन थेट चौकातील टपरीवर जातो आणि कडक चहा मागवतो, आणि चहातील टॅनिन नुकत्याच खाल्लेल्या लोहाला धरून बसते. तेव्हा वाचकांना एवढीच विनंती की, लिंबू जेवताना पिळावे, लसीची तारीख चुकवू नये, आणि जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलावा. टपरी तोवर बंद होत नाही.