शीटवाले काका

सहल ठरली की कुणी बॅगा काढतं, कुणी चिवड्याचे पोहे भाजायला घेतं. शीटवाले काका एक्सेल उघडतात. असे एक काका प्रत्येक गोतावळ्यात असतातच. बहुधा बँकेतून निवृत्त, चष्मा कपाळावर आणि तोंडी एकच पालुपद, "फॉर्म्युला टाकला की झालं!"

त्यांच्या शीटमध्ये हातानं आकडा टाकणं म्हणजे पाप. रजा किती लागेल? नेटवर्कडेज सांगेल, शनिवार-रविवार ते आपणहून गाळतं. साहेब रजा देईल का, हा प्रश्न शीटबाहेरचा. रेल्वेचं आरक्षण कधी उघडणार? निघायची तारीख वजा 60. पूर्वी तिथे 120 होते. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेनं मुदत निम्मी केली, तेव्हा सगळे वैतागले. काकांनी मात्र एका सेलमधले 120 पुसून 60 लिहिले, एंटर दाबलं, खालच्या साऱ्या तारखा सरसर बदलल्या आणि मुलगी बोर्डात आल्यासारखे ते घरभर फिरले.

अंतराचं प्रकरण याहून खोल. गावांचे अक्षांश-रेखांश, त्यांचे रेडियन, मग साइन, कोसाइन आणि शेवटी पृथ्वीची त्रिज्या 6371 किलोमीटर. दापोली ते गुहागर या फॉर्म्युल्यानं तीस-एकतीस किलोमीटर भरलं. ताशी साठचा वेग धरून काकांनी अर्धा तास लिहिला आणि गुहागरात साडेबाराचं जेवण सांगून ठेवलं.

फॉर्म्युला कावळ्याच्या वाटेनं जातो. वाटेत वाशिष्ठीची खाडी आहे, ही गोष्ट कावळ्याला अडत नाही, इनोव्हाला अडते. दाभोळच्या धक्क्यावर आम्ही पोचलो तेव्हा फेरीबोट नुकतीच धोपाव्याकडे सुटली होती. चिपळूणवरून वळसा घालायचा तर अंतर तिपटीच्या वर. मुलं भुकेनं रडकुंडीला आलेली, काकूंनी दशम्यांचा डबा उघडलेला, आणि काका बॉनेटवर लॅपटॉप ठेवून 'बोटीची वाट' असा नवा कॉलम घालताहेत. चेहऱ्यावर चिंता म्हणाल तर नावाला नाही. उलट, खाडी भेटल्याचा आनंदच.

"काका, हिशेब चुकला ना?" भाच्यानं डिवचलं.

"अरे, एक्सेलनं 1900 सालचा 29 फेब्रुवारी मोजलाय! ते लीप वर्ष नव्हतंच. लोटसमधली चूक त्यांनी मुद्दाम तशीच ठेवली. तू एका खाडीचं काय घेऊन बसलास?"

एक्सेल 1 जानेवारी 1900 ला 1 क्रमांक देऊन तिथून दिवस मोजत येतं, हे काकांनी मग बोट येईपर्यंत समजावलं. तारीख दिसायला तारीख, आतून निव्वळ आकडा. म्हणून तर वजाबाकी होते. बोटीवर चढताना माणूस "मागे घ्या, मागे" ओरडत होता आणि काका ड्रायव्हरला सीरियल नंबर सांगत होते.

रात्री खर्चाची शीट उघडली तेव्हा मात्र काका गप्प झाले. मुक्काम: वजा 87 दिवस. माणशी खर्चही उणे. म्हणजे हॉटेलवालाच आमचं देणं लागत होता. बराच शोध घेतल्यावर उलगडा झाला. निघायची तारीख 6/11 काकांनी घरच्या संगणकावर टाकली होती. परतीची 8/11 मुलाच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर टाकली आणि त्यात तारखेची पद्धत अमेरिकन, आधी महिना मग दिवस.

"काय झालं हो?" काकूंनी विचारलं.

"शीटप्रमाणे आपण 11 ऑगस्टलाच घरी पोचलोय."

काकूंनी कपाळाला हात लावला. "अगंबाई! आणि मी दूधवाल्याला नोव्हेंबरचा खाडा सांगून आले!"