मसलतीचा मामला

सल्लागार आणि त्याचा अशील यांचे नाते बाह्यतः ज्ञानी व जिज्ञासू यांचे भासत असले, तरी ज्या संचालकास काय करावयाचे हे आधीच पक्के ठाऊक असते, परंतु त्याचा दोष मात्र आपल्या शिरी नको असतो, तोच बहुधा परक्या विद्वानास पाचारण करतो. आणि तो विद्वानही यजमानाचा मनोदय ताडून, दफ्तरातील ताळेबंदांची यथासांग मांडणी करून, तोच मनोदय गंभीर मुद्रेने त्यास परत करतो. दक्षिणा जितकी मोठी, तितका अभिप्राय अचूक वाटतो. (पेढीवरचा जुना कारकून तेच फुकट सांगत होता, म्हणूनच त्याचे कोणी ऐकले नाही.)

या शिष्टाचाराचा भंग एकदा शिकागोत झाला. हिशेबशास्त्राचे प्राध्यापक जेम्स मॅकिन्झी यांनी १९२६ मध्ये सल्ल्याची पेढी थाटली होती. घाऊक व्यापार गुंडाळावा ही त्यांची मसलत मार्शल फील्ड या तेथील नामांकित वस्तुभांडाराच्या चालकांस इतकी पसंत पडली, की १९३५ मध्ये त्यांनी सारी मुखत्यारीच सल्लागाराच्या हाती सोपविली. आपली मसलत आपणच अमलात आणण्याचा असा प्रसंग सल्लागारावर क्वचितच ओढवतो, व ओढवू नये याची दक्षता त्याचे व्यवसायबंधू मोठ्या निष्ठेने घेत असतात. हजाराहून अधिक नोकर बडतर्फ झाले, असंतोष माजला, आणि १९३७ मध्ये न्यूमोनियाने मॅकिन्झींचे निधन झाले. त्यांच्या नावाची पेढी आजही चालू आहे. ती सल्ला देते, दुकान चालवीत नाही.