मराठी ढगात गेली

मृग लागला की भंडारा जिल्ह्यातल्या करडीत लोक ढगाकडे बघतात. धानाच्या बांध्या नांगरून ठेवलेल्या, पऱ्हे टाकायचे असतात, आणि ढगाचे काही ठरत नसते. आता पावसाच्या जोडीला भाषाही ढगातूनच येणार, अशी व्यवस्था खात्यांनी आणि कंपन्यांनी करून ठेवली आहे. पावसाचा निदान अंदाज तरी येतो.

सोय मोठी चतुर आहे. ॲप किंवा संकेतस्थळ बंगळुरूत, नाहीतर नोएडात, इंग्रजीत बनते. मराठीची आठवण कुणाला तरी उद्‌घाटनाच्या आदल्या आठवड्यात होते. मग कोडमध्ये दोन-चार ओळी घालतात, मजकूर दूरच्या सर्व्हरवर, म्हणजे ‘क्लाउड’ नावाच्या ढगात, जातो आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत मराठी होऊन परततो. या सगळ्या प्रवासात एकाही मराठी माणसाची भेट होत नाही. गूगलने 2024 च्या जूनमध्ये एका दमात 110 भाषा वाढवल्या. तेवढ्या भाषांतली माणसे शोधायची म्हटली असती तर चहापाण्याच्या खर्चालाच मंजुरी मिळाली नसती.

आणि स्वस्त किती! गूगलच्या क्लाउड भाषांतराचे दरपत्रक पाहा: महिन्याची पहिली 5 लाख अक्षरे फुकट, पुढे दर 10 लाख अक्षरांना 20 डॉलर. म्हणजे पाच-सहाशे पानांचा ग्रंथ दोन हजार रुपयांच्या आतबाहेर. मात्र मोजणी सावकारी आहे. दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा अक्षर म्हणून धरतात, म्हणजे गप्प बसण्याचेही पैसे. मराठी मजकूर पाठवला तर काना, मात्रा, वेलांटी यांची हजेरी वेगवेगळी लागते. या हिशेबाने ‘करडी’ चार अक्षरांत आटोपते आणि ‘भंडारा’ सहा अक्षरे खातो. जिल्ह्याचे ठिकाण म्हटल्यावर तेवढे चालायचेच.

ढगातून निघालेली ही मराठी करडीपर्यंत पोचते तेव्हा काय होते? मथळा मराठी, बटणे मराठी. नाव मराठीत लिहिले की रकाना लाल होतो. ‘मार्गदर्शक सूचना’ दाबल्या तर कुठल्याशा कागदाचा वाकडा फोटो उघडतो, आणि फोटोतली अक्षरे या भाषांतराच्या कक्षेत येत नाहीत. ओटीपीचा संदेश इंग्रजी. शेवटी काही बिघडले तर खुलासा सर्व्हरच्या पोटातून थेट येतो, तोही इंग्रजी. स्वागत मातृभाषेत करतात, चूक मात्र साहेबाच्या भाषेत काढतात. आपल्याकडे ही प्रथा जुनीच आहे.

बिचाऱ्या यंत्राचा त्यात दोष थोडा. त्याच्याकडे बरेचदा सुटे शब्द जातात, मागचा-पुढचा संदर्भ जात नाही. समोर बाई आहे की बुवा, हे इंग्रजी वाक्यात नसतेच, मराठी क्रियापदाला मात्र ते लागते. यंत्र बहुधा पुरुष धरून चालते. चिखलात दिवसभर वाकून रोवणी करणारी बाई घरी येऊन मोबाइल उघडते आणि ‘पात्र ठरला आहात’ असे वाचते. असो, पात्र ठरली हेच खूप.

पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात एक टीप असते: हे भाषांतर यंत्राने केले आहे, वाद झाल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य. ही टीपही पुष्कळदा यंत्रानेच मराठी केलेली असते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम 1964 चा, मराठीला अभिजात दर्जा 2024 च्या ऑक्टोबरात मिळाला. साठ वर्षांची ही वाटचाल त्या टिपेपाशी येऊन थांबते: मराठी आहे, पण मनावर घेऊ नका.

केंद्र सरकारची भाषांतर यंत्रणा ‘भाषिणी’ 2022 च्या जुलैत आली. ‘पीएम-किसान’ योजनेच्या प्रश्नांना उत्तरे देणारा बोलता ई-मित्र दुसऱ्या वर्षी आला. टंकता न येणाऱ्याला बोलून विचारता यावे, ही खरोखर चांगली गोष्ट आहे आणि उपहासाच्या सदरातही ती मान्य करायला हवी. अडचण एवढीच की करडीत झाडीबोली बोलतात. या बोलीत ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही, आणि ‘का?’ विचारायचे ते ‘काहून?’ म्हणून. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा शब्दकोश करून ठेवला आहे. तो यंत्राला कधी वाचायला देतील तेव्हा देतील. तोवर आजोबांनी ई-मित्रापुढे घसा खाकरून पुण्याची मराठी बोलावी.

आता गंमत ऐका. 2020 मध्ये मनसेने ॲमेझॉनच्या मागे मराठीसाठी लकडा लावला आणि 2021 च्या सप्टेंबरात त्या दुकानाची मराठी पाटी लागली. ही कंपनी स्वतः ढगातले भाषांतर अक्षरांवर विकते. पण स्वतःच्या दुकानाची मराठी करताना भाषातज्ज्ञ बसवले आणि तंतोतंत प्रतिशब्दांपेक्षा रोजच्या वापरातले शब्द निवडले, असे तिनेच जाहीर केले. हलवाई आपली मिठाई घरी नेत नाही म्हणतात, ते असे. गिऱ्हाईक बावचळले तर दुकानदाराचे नुकसान होते. शेतकरी बावचळला तर खात्याचे काय जाते? अर्ज एक कमी होतो.

तरीही धानाची नोंदणी होते, विमा निघतो, दाखले मिळतात. ते ढगामुळे होत नाही. गावातल्या सेवा केंद्रात एक पोरगा बसलेला असतो. आजोबा झाडीबोलीत सांगतात, पडदा ढगाळ मराठीत विचारतो आणि पोरगा मधल्या मध्ये दोघांचा समेट घडवतो. ‘हे काय लिवलं आहे बाबू?’ ‘ते सोडा जी, सातबारा द्या.’ कोणता रकाना खरा, कोणता शोभेचा, हे त्याला तोंडपाठ असते. तो अक्षरावर पैसे घेत नाही, अर्जावर घेतो, आणि मोकळी जागा फुकट भरून देतो. सरकारचा खरा भाषांतरकार तोच. फक्त त्याचे पद कुठल्याच आकृतिबंधात नाही.

म्हणून खात्यांना एवढीच विनंती. ढगातून मराठी जरूर घ्या, स्वस्त आहे. पण ॲप सुरू करण्याआधी त्यातली एकेक ओळ करडीसारख्या गावातल्या केंद्रात मोठ्याने वाचून दाखवा आणि ज्या ओळीला लोक ‘काहून?’ म्हणतील ती माणसाकडून पुन्हा लिहून घ्या. आणि तळाशी ती जबाबदारी झटकणारी टीप काढून तिथे मजकूर तपासणाऱ्याचे नाव व हुद्दा छापा.