टॉप मॉडेल

आमच्या सोसायटीत नानांच्या गाडीला ना कंपनी आहे, ना रंग, ना नंबर. तिची ओळख एकच, टॉप मॉडेल. वॉचमनसुद्धा "नाना, टॉप मॉडेल जरा पुढं घ्या, पाण्याचा टँकर यायचाय" असंच म्हणतो. तसं म्हणायला त्याला नानांनीच शिकवलंय.

गाडी बुक करण्याआधी दीड महिना नाना रोज संध्याकाळी माझ्याकडं यायचे. हातात माहितीपत्रक, कानावर पेन. "सर, खालचं मॉडेल म्हणजे नुसता पत्रा हो. माणसानं बसायचं कसं त्यात?" खालच्या आणि वरच्या मॉडेलात अडीच लाखांचा फरक होता. इंजिन तेच, ब्रेक तेच, एअरबॅगाही सारख्याच. मग अडीच लाख कशाचे, असं मी विचारलं तेव्हा नानांनी काही न बोलता तर्जनी आभाळाकडं नेली. मला वाटलं, परमेश्वरावर सोडताहेत. त्यांना सनरूफ म्हणायचं होतं.

हे अडीच लाख समजून घ्यायचे तर नानांची नोकरी माहीत पाहिजे. नाना पाटबंधारे खात्यातले. कालवा, चारी, पोटचारी, गाळ आणि गेट यांत एकतीस वर्षं काढली. खात्याच्या जीपला कॅनव्हासचा टप होता. उन्हाळ्यात तो फडफडे, पावसाळ्यात गळे, आणि हिवाळ्यात भल्या पहाटे कालव्यावर जाताना नानांचे दात वाजत. आयुष्यात एक तरी गाडी अशी घेईन की जिच्या छपराला भोक नसेल, अशी शपथ त्यांनी दारणेच्या कालव्यावर घेतली होती म्हणे. निवृत्तीनंतर तशी गाडी घेतली, आणि तिच्या छपराला भोक पाडून मिळावं म्हणून वेगळे पैसे मोजले.

टॉप मॉडेलवाला माणूस गाडीत बसल्याबरोबर ओळखू येतो. त्याला सोय वापरायची नसते, त्याला ती असायला हवी असते. कपाटात पैठणी असते तशी. नानांच्या पुढच्या दोन्ही सीटा हवेशीर आहेत, म्हणजे कातड्याला बारीक बारीक भोकं आणि आत पंखा. बटण दाबलं की पाठीला गार वाटावं अशी योजना. नानांनी गाडी घरी आणण्याआधी कॅनडा कॉर्नरच्या कव्हरवाल्याकडं नेली आणि त्या भोकांवर जाड रेक्झिनची कव्हरं शिवून घेतली. भोकांत धूळ जाते म्हणून. मग रेक्झिन तापतं म्हणून त्यावर टॉवेल टाकला. आता एप्रिलच्या दुपारी नाना पंखा तिसऱ्या नंबरावर ठेवतात, तो बिचारा रेक्झिनच्या खाली घुरघुरत राहतो, आणि नाना घाम पुसत विचारतात, "येतोय ना गारवा?" आपण हो म्हणतो. माणूस शेजारी राहतो.

पंख्याचं एक वेळ सोडा. पण पुढच्या सीटच्या बाजूच्या शिवणीत एअरबॅग असते, धडक बसली की ती शिवण उसवून बाहेर येते. एअरबॅगचा विचार न करता शिवलेलं कव्हर तिच्यावर चढवलं तर ती येणार कुठून? हे मी नानांना सांगितलं. ते म्हणाले, "शिवण पक्की आहे, काळजी करू नका."

सनरूफचं उद्घाटन पार्किंगमध्ये झालं. सगळी सोसायटी जमली होती. एका बटणानं काच मागून वर उचलली, दुसऱ्यानं सरसर मागं सरकली, आणि नानांनी त्या चौकोनातून डोकं बाहेर काढून आमच्याकडं असं पाहिलं की आम्हाला हात हलवावाच लागला. मग प्रात्यक्षिक. काच मिटताना मध्ये काही अडकलं तर ती आपोआप परत उघडते, असं नाना म्हणाले. पुरावा म्हणून त्यांनी काकूंनी नुकत्याच आणलेल्या पिशवीतून दुधी भोपळा काढून फटीत धरला. काच आली, दुधीला टेकली, दचकली, मागं फिरली. टाळ्या.

नाना तिथंच थांबले असते तर मग ते नाना कसले? त्यांनी शेवग्याची शेंग काढली. काच आली, शेंगेशी आली, आणि न थांबता मिटली. शेंगेचा अर्धा भाग आत, अर्धा बाहेर. काकू इतकंच म्हणाल्या, "आमटीत टाकायची होती."

गाडीच्या जाडजूड पुस्तकात हे लिहिलेलं असतं. बारीक वस्तू, किंवा अगदी शेवटच्या क्षणी मध्ये आलेली वस्तू काचेला कळेलच असं नाही. बोट घालून परीक्षा घेऊ नका असंही लिहिलेलं असतं. लहान मुलाचं बोट दुधीपेक्षा शेंगेच्या जवळचं, हे मात्र पुस्तकात नाही, ते मला त्या दिवशी पार्किंगमध्ये कळलं. पण नानांचं पुस्तक अजून प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद आहे. पुनर्विक्रीच्या वेळी किंमत येते म्हणतात.

संक्रांतीला नाना आम्हाला येवल्याला घेऊन गेले. येवल्याची संक्रांत म्हणजे तीन दिवस आभाळ पतंगांचं. भोगी, संक्रांत आणि कर, गच्चीवर माणूस आणि खाली ढोलताशे. काकूंना पैठणी बघायची होती, नातीला पतंग. मी मागं बसलो, पट्टा शोधला, तर तो सीटखाली दडपलेला आणि त्याच्या कुलपात एक चपटी क्लिप. पट्टा न लावता गाडीची टूंटूं बंद करणारी ती क्लिप. याच क्लिपा विकू नका असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2023 मध्ये पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांना बजावलं होतं. नानांनी आपली गल्लीतल्या दुकानातून घेतली होती. "कायद्याला फसवायला नाही हो सर," ते म्हणाले, "आवाजाचा त्रास होतो." नोकरीतही, चारी फुटली की नाना आधी तक्रार-वही मिटून ठेवत असावेत, अशी मला दाट शंका आहे.

निफाड सोडलं, विंचूर मागं पडलं, आणि आठ वर्षांच्या नातीनं हट्ट धरला. नानांनी छप्पर उघडलं. पोरगी सीटवर उभी राहिली. कमरेपासून वरची पोरगी गाडीबाहेर, कमरेखालची माझ्या शेजारी. पुढं कांद्याच्या ट्रॉल्यांची रांग. नाना आरशात तिचे हलणारे पाय पाहून खूश. मी पाहत होतो ते वेगळंच. गाडीनं कचकन ब्रेक मारला तर गाडी थांबेल, पोरगी थांबणार नाही. पुढं छपराची पत्र्याची कड आहे आणि ती तिच्या बरगडीला येते. एअरबॅग तिच्यासाठी नाही, ती बसलेल्या माणसांसाठी. तिच्यासाठी या गाडीत काहीच उरलेलं नव्हतं.

आणि वर संक्रांत होती. येवला जवळ आलं तसे रस्त्यावर आडवे दोरे दिसू लागले. नायलॉन मांजावर बंदी आहे, पण ज्याचा पतंग कटत नाही त्याला बंदी आठवत नाही. तो मांजा चालत्या दुचाकीवरच्या माणसाचा गळा चिरतो, हे दर संक्रांतीला वर्तमानपत्रात येतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात पुढच्या सीटवरून काकूंचा हात मागं आला, त्यांनी नातीचा परकर धरला आणि एका झटक्यात तिला खाली बसवली. "नाना, काच." आवाज अजिबात चढवला नाही. नानांनी काच मिटली. मग काकूंनी माझ्याकडं न बघता नातीच्या पट्ट्यातली क्लिप ओढून काढली, पर्समध्ये टाकली आणि तिला पट्टा लावला. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय सापडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194-ब प्रमाणे हजार रुपये दंड आहे. काकूंना ते माहीत नव्हतं. त्यांना पोरगी माहीत होती.

पतंग मात्र पोरीनं पाहिले. मान मागं टाकून, मिटलेल्या काचेतून, येवल्याच्या बाजारापर्यंत मोजत गेली. अडीच लाखांतले थोडे तिथं वसूल झाले असं मला वाटतं.

खरी गंमत जूनमध्ये झाली. त्र्यंबकच्या रस्त्याला पहिला मोठा पाऊस लागला. बाहेर गारवा आहे म्हणून नानांनी एसी बंद केला, बाहेरची हवा आत यायची वाटही बंद, आणि चार माणसांच्या श्वासानं काच आतून दुधासारखी झाली. नाना एका हातानं स्टिअरिंग, दुसऱ्या हातानं सीटवरचा टॉवेल घेऊन काच पुसू लागले. मी हात लांबवून एसी लावला, बाहेरची हवा सुरू केली, झोत काचेवर सोडला. मिनिटभरात रस्ता दिसला. "गार करायला नाही नाना, हवा कोरडी करायला." नानांना ते पटलं नाही, पण रस्ता दिसत होता.

तेवढ्यात आतल्या दिव्याच्या कडेतून एक थेंब नानांच्या टकलावर पडला. मग दुसरा. मग धार. नानांनी गाडी बाजूला घेतली आणि वर पाहत बसले. एकतीस वर्षांनी टप पुन्हा गळत होता.

वर्कशॉपमध्ये त्यांना अख्खी चौकट बदलावी लागेल असं सांगितलं आणि आकडा लिहून दिला. नाना आकडा घेऊन घरी आले, दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मला हाक. नाना गाडीच्या पायरीवर उभे, छप्पर उघडं, डोळ्यांवर चष्मा, हातात पाण्याची बाटली.

"सर, इकडं या. हे बघा. काचेचं रबर पाणी अडवायला नाहीच. पाणी आत येणार हे धरूनच बांधलंय हे सगळं." काचेखाली चारी बाजूंनी पन्हळ होती आणि चार कोपऱ्यांत चार भोकं. तिथून नळ्या खांबांच्या आतून खाली उतरतात आणि पाणी चाकांपाशी सोडतात. नानांनी कोपऱ्यात बारीक धार धरली. पुढच्या उजव्या चाकामागं पाणी टपटपलं. पुढचं डावंही. मागचं उजवं जरा वेळानं. मागचं डावं आलंच नाही. पन्हळ भरली आणि आत थेंब पडला.

"चारीच्या मुखाशी गाळ," नाना म्हणाले. इतक्या महिन्यांत त्यांचा चेहरा गाडीकडं बघून पहिल्यांदा फुलला. फेब्रुवारीपासून टॉप मॉडेल कडुनिंबाखाली उभं होतं, सावली मिळते म्हणून. नेमकी तेव्हाच कडुनिंबाची पानगळ, पुढं मोहोर. सगळा कचरा पन्हळीत. मी तार आणायला निघालो तर नानांनी हात धरला. "तार नाही. आत सांधा असतो, तो निसटला तर पाणी खांबात उतरेल, मग कळणारही नाही." गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची मऊ दोरी त्यांनी आणून ठेवली होती. ती हलक्या हातानं फिरवत, थोडं पाणी, थोडी दोरी, असं तासभर चाललं. शेवटी मागच्या डाव्या चाकाशी काळ्या चिखलाचा गोळा पडला आणि पाठोपाठ स्वच्छ धार. नानांनी घड्याळ पाहिलं. खात्यात चारीला पाणी सुटल्याची वेळ लिहायची पद्धत असते.

आता मृगाच्या आधी बाटलीभर पाणी चारी कोपऱ्यांत घालून बघणं हा नानांचा नेम आहे, आणि सोसायटीतल्या बाकीच्या सनरूफवाल्यांच्या गाड्याही ते फुकट तपासून देतात. गाडी कडुनिंबाखालून हलवलीय. पुस्तकाचं सील अजून फोडलेलं नाही. सीटांवरची कव्हरंही तशीच आहेत, आणि त्यांवरचा टॉवेल काकू दर रविवारी धुतात.