बाकड्यावरचे करोडपती

जिंतूरच्या चहाच्या टपरीवर हॉटसीट नाही, बाकडं आहे. पण 'कौन बनेगा करोडपती' लागलं की त्यावरचा प्रत्येक जण घरबसल्या करोडपती होतो. पडद्यावरचा स्पर्धक घाम पुसतोय आणि इकडं बशीतला चहा फुरकत शेरा पडतो, "एवढं बी येईना का ह्याला!" उत्तर मात्र पर्याय हिरवा झाल्यावरच आठवतं, हा तपशील वेगळा.

2000 साली हर्षवर्धन नवाथे हा यूपीएससीची तयारी करणारा मराठी पोरगा पहिला करोडपती झाला. बाकड्याचं मत : नशीब. 2019 मध्ये अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे जिंकल्या. शाळेत खिचडी शिजवून महिना 1500 रुपये मिळवणाऱ्या बाईंनी थेट 1 कोटी नेले. बाकड्याचं मत : सोपे प्रश्न पडले. (मग बाकडं तिकडं का गेलं नाही? फोन लागत नव्हता म्हणे.)

परवा बुर्किना फासोची राजधानी तोंडपाठ असलेल्या एका विद्वानाला मीच विचारलं, आपल्या तालुक्यातलं येलदरी धरण कोणत्या नदीवर? पूर्णा काही लांब नाही. त्यानं कप खाली ठेवला, डोळे मिटले.

"पर्याय सांगा की आधी!"