एनएमआरचे काका

रसायनशास्त्र विभागात पीएचडीला लागलेल्या पोराला सीनियर पहिल्याच आठवड्यात बजावतात: गाइड रुसला तरी चालेल, एनएमआरचे काका रुसता कामा नयेत. गाइडचा राग पुढच्या सेमिनारपर्यंत निवतो. काकांचा राग थेट स्लॉटच्या यादीत उतरतो आणि तुमचा नंबर शनिवारी संध्याकाळी लागतो.

हुद्दा तांत्रिक सहायकाचा, थाट संस्थानिकाचा. खोलीच्या दाराशी एक लाकडी स्टूल आहे. देवळाबाहेर चपला काढाव्यात तसं घड्याळ, किल्ल्या, पाकीट, मोबाइल तिथं ठेवायचं आणि मगच आत पाऊल टाकायचं. कुलगुरूंनाही सूट नाही. आत रेणूंची ओळख पटवणारं एनएमआर यंत्र. त्याचं चुंबक 9.4 टेस्लाचं, आणि ते लोडशेडिंगमध्येसुद्धा बंद पडत नाही. तारेचं वेटोळं द्रवरूप हेलियममध्ये, उणे 269 अंशांवर बुडवलेलं. तिथं तारेचा रोध शून्य होतो आणि एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षं फिरत राहतो. सिनेटची बैठकही हेलियममध्येच भरवावी, असं काकांचं जुनं मत आहे.

सॅम्पलची नळी जेमतेम पाच मिलिमीटर जाडीची. काका ती ट्यूबलाइटकडे धरतात, एक डोळा बारीक करतात.

“हे काय, ताक?”

“नाही काका, प्रॉडक्ट आहे.”

“गाळून आण. प्रॉडक्ट उरलं तर लावू.”

दुसऱ्याची नळी स्वच्छ निघते, पण स्पेक्ट्रम येताच काका खुर्ची मागे सरकवतात. “नळी अ‍ॅसिटोननं धुतलीस, वाळवली नाहीस.”

“वाळवली, काका.”

काका स्क्रीनवर 2.17 च्या पीकवर बोट ठेवतात. “मग हा कोण, तुझा मामा?”

रेणू ओळखण्यात विभागात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, हे प्राध्यापकही खासगीत कबूल करतात. शोधनिबंधावर मात्र नाव प्राध्यापकांचं. काका शेवटच्या आभारात, वाचनालय आणि सुरक्षारक्षकांच्या मधे.

एरवी कोणालाच न बधणारे काका लेखा विभागापुढे मात्र हतबल होतात. हेलियम महाग, तीन कोटेशनं लागतात, आणि भरलेलं हळूहळू उडून जाणं हा त्याचा धर्मच. एकदा ऑडिटर रजिस्टर घेऊन आले.

“खरेदी दिसते. वस्तू दाखवा.”

“उडून गेली.”

“कोणाच्या परवानगीनं?”

काकांनी छताकडे बोट केलं. ऑडिटरना वाटलं, वरच्या मजल्यावर विभागप्रमुख बसतात. ते जिना चढून गेले. तिथं काय बोलणं झालं कळलं नाही, पण रजिस्टरच्या शेऱ्यात “नैसर्गिक कारणाने निधन” अशी नोंद सापडते. ती कोणाच्या अक्षरात आहे, हे विभागात कोणी विचारत नाही.

मध्यंतरी इथला एक विद्यार्थी पोस्टडॉकला जर्मनीत गेला. तिथं यंत्राला स्वयंचलित हात. रात्री नळ्या लावून घरी जायचं, सकाळी स्पेक्ट्रम मेलवर हजर. त्यानं कौतुकानं आपला पहिला स्पेक्ट्रम काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. खाली लिहिलं, “इथं कोणीच ओरडत नाही, काका!”

काकांनी चष्मा कपाळावर ढकलला, फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि उत्तर धाडलं: “ते दिसतंच आहे. पीक जाड आलेत. शिमिंग परत कर.”