पाहिजे: एक हरलेला पैलवान

महाराष्ट्रात विजेत्यांचं पीक यंदाही उदंड आहे. दुष्काळ आहे तो हरणाऱ्यांचा. निवडणूक असो, एकांकिका स्पर्धा असो की सोसायटीच्या चेअरमनपदाची लढत, एक जण जिंकतो आणि दुसऱ्यावर अन्याय होतो. हरत कुणीच नाही.

निदान कुस्तीत तरी असं व्हायला नको होतं. निकालाच्या बाबतीत मातीतल्या कुस्तीइतका सरळ खेळ दुसरा नाही. पाठीला माती लागली, आस्मान दिसलं, विषय संपला. थर्ड अंपायर नको, डकवर्थ-लुईस नको, वकील तर नकोच. जत्रेच्या फडात हलगी कडाडत असते, जिंकलेला गडी कुणाच्या तरी खांद्यावर बसून मैदानाला फेरी मारतो, लोक त्याच्या हातात नोटा कोंबतात. आणि हरलेला? तो उठतो, लांगेत अडकलेली माती झटकतो आणि वस्तादासमोर मान खाली घालून उभा राहतो. त्याला निकाल विचारावा लागत नाही, सगळ्या फडाने त्याची पाठ पाहिलेली असते.

आता मानाच्या कुस्तीकडे वळू. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून सुरू आहे. वर्षाला एक केसरी, एक चांदीची गदा, असा साधा हिशेब. २०२३ मध्ये मात्र महाराष्ट्राची भरभराट झाली. जानेवारीत पुण्यात शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला. त्याला गदा आणि थार, उपविजेत्या महेंद्र गायकवाडला ट्रॅक्टर. पण या दोघांपेक्षा जास्त बोलबाला झाला तो अंतिम फेरीत नसलेल्या सिकंदर शेखचा. आधीच्या फेरीत महेंद्रने त्याला टांग मारली, पंचांनी चार गुण दिले, आणि ते चार की दोन यावर गावोगावच्या पारांवर पंचांच्या वरची खंडपीठं बसली. पंचाला धमकीचा फोनही गेला. मग लोकांनी सिकंदरला ‘जनतेच्या मनातला महाराष्ट्र केसरी’ करून टाकलं. म्हणजे एक केसरी मॅटवरचा, एक मनातला.

तेवढ्यावर भागलं नाही. कुस्तीच्या संघटनाही दोन झाल्या होत्या आणि मूळ कोण हे दोघींनाही पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात महाराष्ट्र केसरी दोनदा झाली, एक पुण्याजवळ फुलगावला आणि दुसरी धाराशिवला. फुलगावात सिकंदरने राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत चीत केलं आणि तो मनातून गदेपर्यंत आला. मग तोच राक्षे धाराशिवला गेला आणि महाराष्ट्र केसरी झाला. एकाच महिन्यात, एकाच किताबासाठी, एकच पैलवान हरलाही आणि जिंकलाही. यात त्याचा काही दोष नाही. पैलवानाने समोर येईल ती कुस्ती धरायची. पण विचार करा, तीस दिवसांत दोन महाराष्ट्र केसरी देणारं राज्य ऑलिंपिकच्या कुस्तीत मात्र अजून १९५२ च्या हेलसिंकीवर आणि खाशाबा जाधवांच्या ब्राँझवर दिवस काढतंय. तिथे दुसरी संघटना काढून दुसरं ऑलिंपिक भरवता येत नाही, ही मोठीच अडचण आहे.

मग आलं फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर. उपांत्य फेरीत, गादी म्हणजे मॅट विभागात, पृथ्वीराज मोहोळविरुद्ध शिवराज राक्षे. पंचांनी राक्षेला चितपट दिलं. गादीवर दोन्ही खांदे एकदम टेकावे लागतात. राक्षेचं म्हणणं, टेकलेच नाहीत, व्हिडिओ पाहा. वाद वाढला आणि त्याने पंचाला लाथ घातली. पुढे मोहोळविरुद्धच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड काही सेकंद शिल्लक असताना मैदान सोडून निघून गेला. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. एका माजी डबल महाराष्ट्र केसरीने तर लाथेवर काय भागवलं, पंचाला गोळ्याच घालायला हव्या होत्या, असा तोडगा जाहीरपणे सुचवला. शेजारच्या बांधावरून भाऊबंदकीत सल्ला देणारे काका असतात, त्यातलाच हा प्रकार.

खांदे टेकले की नाही, हा वाद मी इथे सोडवणार नाही. ते टेकले नसतील, तर पंच चुकला, आणि तसं असेल तर राक्षेचा संताप खोटा नव्हता. प्रश्न मोहोळचा आहे. त्याने गदा उचलली, थार मिळाली, आणि दुसऱ्या दिवसापासून महाराष्ट्र बोलला तो लाथेवर. उपांत्य फेरीतला म्हणतो मी चीत नव्हतो, अंतिम फेरीतला म्हणतो मी चाललो. मग याने हरवलं कुणाला? जिंकायला दोघं लागतात, आणि त्यातल्या एकाने हरावं लागतं. ते काम कुणी करेनासं झालं, की गदा नुसती चांदीच्या भावाची उरते.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी १४ जुलै २०१९ चं लॉर्ड्स आठवावं. क्रिकेट विश्वचषकाची अंतिम लढत, इंग्लंड २४१, न्यूझीलंड २४१. सुपर ओव्हर झाली, १५ आणि १५. मग चौकार-षटकार मोजले, २६ विरुद्ध १७, आणि कप इंग्लंडला. त्याआधी शेवटच्या षटकात फेकलेला चेंडू इंग्लंडच्या स्टोक्सच्या बॅटला लागून सीमेपार गेला होता आणि सहा धावा मिळाल्या होत्या, ज्या पाच हव्या होत्या असं सायमन टॉफेल या मुरलेल्या अंपायरने नंतर सांगितलं. अन्यायाची एवढी पक्की फाइल हातात असताना न्यूझीलंडचा कर्णधार केन विल्यमसनने काय केलं? नियम आधीपासून तेच होते म्हणाला, हात मिळवला, घरी गेला. ऑक्टोबरात आयसीसीने तो नियमच काढून टाकला. इंग्लंडच्या त्या कपाला आजवर जी काही झळाळी आहे, ती निम्मी न्यूझीलंडने घासूनपुसून दिलेली आहे.

आपल्याकडे विल्यमसन जन्मला असता, तर एव्हाना त्याचा वेगळा गट असता, गटाला चिन्ह असतं, आणि ‘मूळ विश्वचषक’ नावाची स्पर्धा दरवर्षी भरली असती. उद्घाटनाला एक मंत्री, समारोपाला दुसरा, आणि दोघांच्या फ्लेक्सवर ‘विजयी भव’. मंत्र्यांना दोष देऊ नका, पक्ष दोन झाले की मैदानंही दोन लागतात.

तेव्हा कुस्तीच्या सर्व मूळ संघटनांना एक सूचना. पुढच्या वर्षी केसरीला द्यायचं ते द्याच, पण आणखी एक थार वेगळी ठेवा. जो पैलवान हरल्यावर माइकसमोर येऊन ‘मी हरलो, तो भारी होता’ एवढंच बोलेल, पंच, संघटना, जिल्हा, गट यातलं काही काढणार नाही, त्याला ती द्यायची. खर्चाची चिंता करू नका. एकच गाडी घ्या, पुढची दहा वर्षं पुरेल.